सुलट ओळ

तिने टोपली पालथी घातली आणि त्यानंतर खोलीत कोणी काही बोलले नाही.

काम तसे संपलेलेच होते. काठ आदल्या दिवशी बांधून झाला होता. आता जिथे जिथे नवा वेत जोडला होता तिथली बाहेर डोकावणारी टोके छाटायची, की टोपली हातावेगळी. उजव्या हातातल्या कात्रीने तिने वरची टोके छाटली आणि बुडाकडची छाटण्यासाठी टोपली मांडीवर उलटी घेतली. डावा हात शेजारी पडून होता, कोणी पाहुण्याने विसरून ठेवलेल्या हातमोज्यासारखा. मग कात्री थांबली. ती खाली ठेवून तिने तर्जनी बुडाजवळच्या एका ओळीवर टेकवली, त्या ओळीबरोबर टोपलीला पुरा वळसा घातला आणि जिथून निघाली होती तिथे बोट आणून सोडले. नंतर तोच वळसा उलट दिशेने.

खिडकीखालच्या बैठ्या स्टुलावर वेतवाला, तिचा नवरा, भिजत घातलेला वेत हौदातून काढत होता. बोट कोणत्या ओळीवर फिरते आहे हे कळायला त्याला टोपलीकडे पाहावे लागले नाही. वेताची जुडी त्याच्या हातातच राहिली आणि तिच्यातून निथळणारे पाणी त्याच्या पावलांवर ठिबकत राहिले. दारात त्याची थोरली बहीण, आक्का, कप पुसत उभी होती. आक्काच्या तोंडाला सहसा कुलूप नसे. घरात कुठे शांतता पडलेली दिसली, की सांडलेले दूध पुसावे तशी ती लगबगीने पुसून टाकी. आता मात्र तीही कोरडाच कप पुन्हा पुसत राहिली.

ज्याने कधी टोपली विणली नाही त्याला या शांततेचा अर्थ लागला नसता. उभ्या काड्यांमधून दोन वेत एकमेकांना पीळ देत पुढे सरकतात, अशी त्या घरातली वीण. उजव्या हाताचा माणूस डावीकडून उजवीकडे विणत जातो, आणि त्याची वीण वाऱ्यातल्या गवतासारखी एका अंगाला कलते. डावखुरा उलट जातो. त्याचे गवत दुसऱ्या अंगाला झुकते. माणूस आपली सही बदलू शकतो, आवाज बदलू शकतो, पण या कलाला सहसा हात लावू शकत नाही. गावात वेताचे काम करणारे घर एकच होते, आणि त्यात हे दोन्ही कल नांदत होते.

तिला सगळे डावरी म्हणत. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासऱ्यांनी सुरी तिच्या उजव्या हातात ठेवून, या घरात सुलटंच विणतात, असे बजावले होते. ती त्यांच्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "मी अशी बसते मामंजी, म्हणजे तुम्हाला सुलटं दिसेल." सासरे हसले, आणि हसले म्हणून हरले. तेव्हापासून ती नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसू लागली, कारण दुसरीकडे बसली तर कामाचे कोपर कामाच्या कोपराला लागे. तो कपड्यांच्या करंड्या, अंड्यांच्या टोपल्या, खुर्च्यांच्या बैठका विणी; त्याचे काम लोक वापरत. तिचे काम लोक आधी हातात धरून बघत. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तो विचारी, सुलटी देऊ की उलटी, आणि गिऱ्हाईक बहुधा उलटीच मागे. आक्का म्हणे, माझा भाऊ टोपल्या विणतो आणि आमची डावरी टोपल्यांना वळण लावते. तो या थट्टेवर हसे. ती थट्टा घशाखाली उतरायला किती वेळ लागतो, हे त्याने कधी कोणाला सांगितले नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तिच्या हातून कप सुटला, आणि कपाबरोबर हातही सुटला. अर्धांगाचा झटका. वाचा राहिली, पाय फरफटत का होईना चालू लागला. हात आला नाही. डॉक्टरांनी वेतवाल्याला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितले की या हाताची आशा धरू नका. ते वाक्य घेऊन तो आत गेला, आणि खाटेपर्यंत पोचेतो ते त्याच्या तोंडात बदलले. डॉक्टर म्हणतात सराव हवा, असे त्याने तिला सांगितले. खरे काय ते फक्त आक्काला ठाऊक होते.

डावरीने सराव हा शब्द दोन्ही हातांनी धरावा तसा धरला. त्याने बूड विणून, उभ्या काड्या बसवून टोपली तिच्या मांडीवर दिली. रोज सकाळी ती मनगटाखाली वेत दाबून धरी आणि उजव्या हाताने तो पुढे लोटी. लोटी मात्र आपल्याच दिशेने, कारण दुसरी दिशा तिच्या डोक्याला ठाऊकच नव्हती. ओळी पडत त्या झोळीसारख्या लोंबत्या. जेवणानंतर आक्का तिला व्यायामाला घेऊन जाई, आणि घरात उरलेला वेतवाला त्या ओळी उसवून नव्या वेताने पुन्हा विणी, तिच्या दिशेने, तिच्या कलाने.

पहिल्या दुपारी त्याचा घात झाला. आयुष्यभराची सवय असलेला हात आपल्या वाटेने धावला, आणि वळसा पुरा झाल्यावर त्याच्या ध्यानात आले, की ओळ सुलट पडली आहे. ती उसवली असती तर बुडाजवळच्या काड्या, आधीच एकदा वाकलेल्या, उलल्या असत्या. बुडाशी आहे, कोण उलटून बघणार, असे म्हणून त्याने ती ठेवली आणि दिशा बदलून पुढची ओळ घातली.

संध्याकाळी तिने अंगठ्याने वरची वीण दाबून पाहिली आणि एवढी घट्ट कशी झाली म्हणून विचारले. तो म्हणाला, वेत वाळला की आवळतो. तिने त्याच्याकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. वेत वाळला की आकसतो, वीण सैल पडते, म्हणून तर ओला असतानाच ठोकून बसवायची. या घरातल्या मुलाला चालण्याच्या आधी हे कळते. झटक्याने हाताबरोबर तेही नेले, असे त्याने धरले. हौदाकडे तोंड करून तो बराच वेळ पाण्यात हात बुडवून बसला.

आणि तरीही, पुढच्या दुपारींचे एक सत्य असे होते की तो त्यांची वाट पाहू लागला. दोघी कोपऱ्यावरून वळल्या की तो तिच्या जागेवर बसे. आयुष्यभर शेजारी बसूनही हा हात आतून कसा असतो हे त्याला ठाऊक नव्हते: थोडे अंतर सैल चालून अचानक श्वास धरल्यासारखा ओढ घेणारा, काठाकडे जाताना उगीच लाटेसारखा हलणारा. तो तिच्या चुकाही करू लागला. चुका आधी, मग कौशल्य. टोपली त्याच्या हातांत अशी वर चढत गेली, की आपल्या नावावरची कोणतीच टोपली तशी चढली नव्हती हे त्याला कळत होते, आणि हे कळण्याचा आनंद चोरीच्या मालासारखा कुठे लपवावा ते कळत नव्हते. त्याची स्वतःची अर्धी करंडी कोपऱ्यात धूळ खात होती. एकदा ती घेऊन बसला, तर हात वेत धरून अधांतरी थांबला; कोणत्या बाजूला जायचे ते त्याला सुचेना. करंडी पुन्हा कोपऱ्यात गेली.

डावरीने मात्र वाण्याला सांगितले, शेजारणीला सांगितले, आणि फोनवर लेकीला सांगितले की हात येतोय गं. लेक तिकडून रडली, आणि टोपली पुरी झाली की मी स्वतः येऊन घेऊन जाते म्हणाली. उद्या ती येणार होती. आक्काने भावाला एकदा परसात गाठून, किती दिवस दुसऱ्याच्या हाताने जेवणार आहेस, असे विचारलेही होते. एवढी एक होऊ दे, असे तो म्हणाला होता. पुढे काय, हे दोघांनीही बोलण्यात आणले नव्हते.

आता आक्काने कप फळीवर ठेवला. "एखादी ओळ होते गं इकडची तिकडे. नजर दमते माणसाची."

"नजर दमते, आक्का," डावरी म्हणाली. "बोट नाही दमत."

मग तिने नवऱ्याला जवळ बोलावले. तो जुडी हातात घेऊनच तिच्यासमोर उकिडवा बसला. तिने त्याचे बोट धरून त्या ओळीवर ठेवले. खालची ओळ एका अंगाला कलली होती, वरची दुसऱ्या. दोन्हींचे कल जिथे भेटत होते तिथे टोपलीभोवती एक बारीक वेणी उमटली होती.

"छान दिसते," ती म्हणाली. "आपल्याला आधी सुचायला हवं होतं."

ते खरे होते. इतकी वर्षे कोपराला कोपर न लावता शेजारी बसून दोघांनी किती वेत विणला, पण एका टोपलीत दोघांचे हात कधी उतरले नव्हते. उतरले तेव्हाही दोन्ही हात त्याचेच होते.

पहिल्या दिवशी तू दमली होतीस, म्हणून मदतीला एक ओळ घातली, असे काहीतरी तो बोलू लागला. तिने ते पुरे होऊ दिले नाही.

"वेत वाळला की सैल पडतो," ती शांतपणे म्हणाली. "हे मी विसरले असं वाटलं तुम्हाला?"

त्याने विचारले, मग मान का हलवलीस.

"तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही. इतके अवघडला होतात, म्हटलं, असू दे. वाटलं, मी गेल्यावर जरा ओढूनताणून बसवत असाल. वीण माझी, ठोकणं तुमचं. तेवढं मला चाललं असतं."

तिने मनाशी अशी वाटणी केली होती, आणि तिच्यावर ती जगत आली होती. वरच्या ओळींबद्दल तिला भ्रम नव्हता. त्यांच्यात त्याचा हात बराच असणार हे तिने केव्हाच मान्य केले होते. पण ही बुडाजवळची ओळ तिने पहिल्या सकाळी घातली होती. वेत घसरला, पुन्हा धरला, पुन्हा घसरला, आणि तरी वळसा घालून तो घरी आला. त्या वळशात कुठेतरी डाव्या हाताची करंगळी हलली, असे तिने पाहिले होते. व्यायामाला जाताना, वाण्याशी बोलताना, फोनवर लेकीचे रडणे ऐकताना ती त्या एका ओळीवर उभी होती.

"माझी ओळ उसवलीत तेव्हा तिच्याकडे बघितलंत तरी का?" तिने विचारले.

"बघितलं."

"कशी होती?"

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "सुटी होती. हात लावला तशी निघून आली."

आक्का दारातून म्हणाली की आता हे सगळं पोरगी जाईपर्यंत बाजूला ठेवा, टोपली टोपलीसारखी झाली आहे, तिला तेवढं पुरे आहे. डावरीने तिच्याकडे पाहिले नाही. उजव्या हाताने तिने डावा हात उचलला, टोपलीच्या बुडावर ठेवला, आणि त्याची बोटे एकेक करून वेणीवर पसरली. बोटे जशी ठेवली तशी राहिली. तिने हात काढून घेतला तेव्हा त्यातली दोन हळूच घसरून खाली आली.

"उद्या ही तिच्या हातात देईन, तेव्हा ती विचारणार, आई, सगळी तू केलीस? सगळी नाही म्हणून सांगेन मी. त्याचं मला काही नाही." टोपली तिने सरळ केली आणि दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली. खिडकीतून येणारा उजेड विणीतून आरपार जाऊन फरशीवर बारीक जाळी टाकत होता, आणि बुडाजवळची ती एक ओळ सोडली तर सगळी जाळी एकाच अंगाला कललेली होती. "पण एक तरी? कुठलीही असू दे, वाकडी असू दे. माझी एक तरी ओळ ठेवलीत का हिच्यात?"

त्याला कोणत्याही ओळीवर बोट ठेवता आले असते. ती एक सोडली तर सगळ्याच तिच्या कलाच्या होत्या, सगळ्यांना तिचीच चाल होती, आणि त्याने दाखवली असती ती तिने निरखून पाहिली असती, कदाचित मानलीही असती. त्याने एकीवरही बोट ठेवले नाही. गुडघ्यावर हात टेकून तो उठला. जुडीतले पाणी केव्हाच गळून गेले होते, वेत हातात कडक होऊ लागला होता. जुडी तशीच घेऊन तो दाराकडे निघाला. आक्काने अंग चोरून त्याला वाट दिली, आणि तो परसात निघून गेला.