काही निघालं तर

लेकीने फोनवर शब्द दिला होता, "बाबा, सोनोग्राफीत काही निघालं तर मी त्याच दिवशी निघते." मास्तरांनी ते वाक्य जपून ठेवलं. लेक लांबच्या मुलखात नोकरीला. यायला विमान लागायचं आणि विमानाला कारण लागायचं. तिची आई गेली तेव्हा कारण होतं. त्यानंतर मास्तरांनी फोनवर खोकून पाहिलं, पण खोकल्याला कुणी विमानाने येत नाही.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेत त्यांनी कुणाला कधी शिकवलं नव्हतं, पण शिलाई मशीनवर बसलेल्या माणसाला लोक मास्तरच म्हणतात. दुकान मिटलं, बायको गेली, नाव तेवढं मागे राहिलं. अलीकडे उजव्या बाजूला बरगडीखाली दुखू लागलं आणि डॉक्टरांनी सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. दुसऱ्या कुणाच्या पोटात गोळा आला असता. मास्तरांनी ती चिठ्ठी लग्नाच्या आमंत्रणासारखी वरच्या खिशात ठेवली.

रात्रीपासून उपाशी राहायचं, सकाळी भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी रोखून धरायची, हा सोनोग्राफी केंद्रातला दंडक. काउंटरवरची बाई तो प्रत्येकाला एकाच सुरात ऐकवत होती. खुर्च्यांवर माणसं जोडीजोडीने बसली होती, एक पाणी पिणारं आणि एक पाजणारं. मास्तर आपणच प्यायचे आणि आपल्यालाच 'अजून दोन घोट' म्हणायचे. आग्रह करणारं कुणी नसूनही पाणी जरा जास्तच झालं. बाईने सोबत कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी मुलगी येतेय असं सांगून टाकलं. त्यांच्या हिशेबी ते खोटं नव्हतं, जरा आधी सांगितलं इतकंच.

आतली खोली अंधारी आणि गार होती. मदतनीस बाईने त्यांना पलंगावर झोपवलं, सदरा वर करायला लावला आणि विजारीच्या नेफ्यात कागदी रुमाल खोचला. डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाची. गार लागेल हं, म्हणत तिने पोटावर जेल ओतलं आणि यंत्राची मूठ त्यावरून फिरवायला सुरुवात केली. दुखत मुळीच नव्हतं. थंड इस्त्री फिरावी तसं वाटत होतं. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, डाव्या कुशीवर वळा, असं ती सांगत गेली आणि मास्तर शहाण्या मुलासारखे ऐकत गेले.

मग ती एकदम गप्प झाली. मूठ उजवीकडे एकाच जागी घुटमळू लागली. पडद्यावर तिने एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. मास्तरांनी ओळखलं, सापडलं काहीतरी. आणि सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट, त्यांना मनापासून आनंद झाला.

पडल्या पडल्या त्यांनी सगळी तयारी करून टाकली. आतल्या खोलीतली गादी उन्हात घालायला हवी. खिडकीला नवा पडदा शिवायला हवा. दुखणं मोठं असलं तर ती पुष्कळ दिवस राहील, पण मग आपल्यालाच बोलायचं त्राण उरायचं नाही. तेव्हा मधलंच काहीतरी असावं. माणूस एकटा पडला की दुखण्याशीसुद्धा घासाघीस करतो.

"निघालं ना काही?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आजोबा. पित्ताशय, यकृत, मूत्रपिंडं, सगळं छान आहे. स्नायू दुखावला असेल."

"मग इतका वेळ गप्प का होतात?"

"मापं घेत होते. बोलायला लागलं की आकडा चुकतो."

गिऱ्हाइकाच्या छातीभोवती फीत धरली की मास्तरही असेच मुके व्हायचे. माप घेताना तुमचं तोंड कुणी शिवून टाकतं का, असं बायको चिडवायची. सगळी हयात ज्यात गेली, तेच नेमकं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पुन्हा एकदा बघा," ते म्हणाले. "बारीकसं काही असेल एखादं."

तिला हसू आलं, पण त्यांचं मन राखायला तिने पुन्हा मूठ फिरवली. लोक काही निघू नये म्हणून हात जोडतात आणि तुमचं भलतंच, असं म्हणत तिने पोट पुसायला कागद दिला. मास्तरांनी आधी संडास गाठला.

बाहेर येऊन त्यांनी फोन लावला. खोटं जिभेवर तयार होतं. 'बारीकशी गाठ', एवढ्यावर विमान सुटलं असतं. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या कापडातला बोटभर तुकडाही ज्याने ढापला नाही, तो माणूस आज लेकीच्या काळजात हात घालायला निघाला होता.

"बाबा, काय निघालं?" तिचा आवाज कापत होता. "माझा रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

मास्तरांनी डोळे मिटले. "काही नाही निघालं, बाळा. ठणठणीत आहे मी."

पलीकडे ती रडली, मग हसली, मग तिने नाक पुसलं आणि तिचा आवाज नेहमीसारखा कामाचा झाला. तिकीट धरून ठेवलं होतं ते आता रद्द करते म्हणाली, येईन पुढे केव्हातरी निवांत. मास्तर म्हणाले, कर की रद्द, उगाच धावपळ कशाला.

"तुमच्याबरोबर आहे ना पण कुणी?"

मास्तरांनी समोर पाहिलं. जोडीजोडीने बसलेली माणसं आपापल्या माणसाला पाणी पाजत होती.

"आहेत की," ते म्हणाले. "खुर्च्या पुरत नाहीयेत."

"मग बरं," ती म्हणाली, आणि तिकडे तिला कुणीतरी हाक मारली.