मॉर्वची चाल

"थांबव, तिथेच थांबव!" हेडन ओरडला. "आता सगळ्यांनी त्याचा डावा पाय बघा."

टीव्हीच्या पडद्यावर तो राक्षस लॉन्ड्रीच्या दारात एक पाय उचलून अडकून पडला. पबच्या वरच्या खोलीतली दहा-बारा माणसं आपापले ग्लास सावरत पुढे झुकली. आल्विन प्रॉसरही झुकला, कारण सगळे झुकलेले असताना एकट्यानेच ताठ बसून राहणं बरं दिसलं नसतं.

"अडखळतोय चक्क," रोवेना टिब्स म्हणाली. ही चाहत्यांच्या मंडळाची चिटणीस. "मॉर्व कधी अडखळतो का? मॉर्व येतो. बस्स, येतो."

"हेच तर म्हणतोय मी! आल्विन, आता तुम्हीच सांगा. मॉर्व असा चालतो?"

"नाही," आल्विन म्हणाला.

हे काही खोटं नव्हतं. मॉर्व कसा चालतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? ऐंशीच्या दशकात 'फार बीकन' या अंतराळमालिकेचं चित्रीकरण न्यूपोर्टच्या गोदीत चाललं होतं, तेव्हा त्यातल्या मॉर्व या राक्षसाच्या रबरी पोशाखात मावेल एवढा उंच माणूस त्यांना सापडेना. कोणीतरी म्हणालं, आमचा पोस्टमन बघा, दारातून वाकून येतो. अशी आल्विनची वर्णी लागली. ना संवाद, ना चेहरा. फक्त चालायचं. आणि आल्विनची चाल म्हणजे पोस्टमनचीच. टपालाच्या पिशवीने उजवा खांदा कायमचा खाली गेलेला, डावा पाय किंचित थांबून टेकणारा. आत कुत्रं आहे हे माहीत असूनही फाटक उघडणारा माणूस चालतो, तशी. पण ती चाल पडद्यावर आली आणि देशभरातल्या पोरांच्या हातातले घास हातातच राहिले.

दोन वर्षांनी मालिका बंद पडली. आल्विन पुन्हा टपाल वाटू लागला. ज्यांच्या दारात तो रोज जायचा, त्यांच्या पोरांना हाच तो मॉर्व हे कधी कळलंही नाही. पुढे इंटरनेट आलं आणि या चाहत्यांनी त्याला बरोबर हुडकून काढलं. तेव्हापासून दरवर्षीच्या मेळाव्यात त्याला मानाची खुर्ची. टक्कल पडलेले बाप्ये यायचे, "तुमच्यामुळे मी आठ वर्षांचा होईपर्यंत दिवा लावून झोपायचो," असं सांगायचे आणि गळ्यात पडायचे. बायको नेस्टा गेल्यावर तर मंडळाच्या सभेचा महिन्यातला हा एक शनिवार सोडला, तर आल्विनची कोणी वाट बघतंय असा दिवसच उरला नव्हता. वरवर कितीही ऐट दाखवली, तरी या खोलीवर त्याचा फार जीव होता.

आणि आता हे चार मिनिटांचं प्रहसन. आजारी मुलांसाठी टीव्हीवाले दरवर्षी निधी गोळा करतात, त्या कार्यक्रमात दाखवलेलं. मॉर्व आपला झगा धुवायला गल्लीतल्या लॉन्ड्रीत येतो आणि एक म्हातारी त्याला रांग मोडल्याबद्दल झापते. पोरं खदखदून हसली. निधीही चांगला जमला. पण चाहत्यांच्या घरात सुतक पडलं. एकाने इंटरनेटवर लिहिलं, माझ्या बालपणाची टिंगल केलीत. दुसऱ्याचं म्हणणं, मॉर्वच्या ग्रहावर पाणीच नाही, तर झगा धुणार कसा? तिसऱ्याने तोडगा काढला की धर्मादाय कामासाठी केलेला भाग मूळ कथेत धरायचाच नाही. त्यावर 'मग त्या म्हातारीचं काय, तीही धरायची नाही का,' असा वाद पेटला आणि तो अजून धुमसतच होता. मात्र एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. हा मॉर्व तोतया आहे. चालच सांगते.

आल्विनने यातलं अक्षर न् अक्षर वाचलं होतं. 'खरा मॉर्व एकच, आल्विन प्रॉसर', 'त्यांना बोलवायची अक्कल नव्हती का' हे तर पुन्हा पुन्हा. स्वतःच्या पश्चात लोक आपल्याबद्दल काय म्हणतील हे जिवंतपणी ऐकायला मिळावं, तसं त्याला झालं होतं. त्याला मनापासून बरं वाटलं होतं.

कारण त्या पोशाखात तोच होता.

वसंतात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. टीव्हीवाल्यांचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "पाय ठणठणीत आहे माझा." त्यांनी तरीही बदली म्हणून टॅम्सिन रिडाउट नावाच्या एका उंच नटीला सेटवर उभं केलं. ती पाण्याची बाटली घेऊन दिवसभर त्याच्या मागेमागे. मधेच हळूच म्हणाली, "एक टेक मी करू का? तुम्ही जरा टेका." आल्विन म्हणाला, "अजिबात नाही." मग संध्याकाळी त्याने सेटवरच्या पडद्यावर स्वतःला पाहिलं. रबराच्या पोशाखातला एक म्हातारा, म्हाताऱ्यासारखा चाललेला. त्याने निर्मात्याला बाजूला घेऊन सांगितलं, माझं नाव घालू नका. आणि टॅम्सिनला म्हणाला, "कोणाजवळ बोलू नकोस हं, पोरी." ती म्हणाली, "नाही बोलणार."

"तर मी चॅनेलला पत्र लिहिलंय," हेडन खिशातून कागद काढत म्हणाला. "मूळ कलाकाराला डावलल्याबद्दल जाहीर माफी मागा. पहिली सही आल्विनची. आणि ती पोरगी, तिला तर लोकांनी पुरती धुतलीये."

"कुठली पोरगी?" आल्विनने विचारलं.

"ती रिडाउट! मॉर्वचं रबरी डोकं मांडीवर घेऊन फोटो टाकलाय ना बाईसाहेबांनी. म्हणजे आत कोण होतं ते उघडच आहे."

"काल तिने खातंच बंद केलं," रोवेना फोनवर बोट फिरवत म्हणाली. "लोकांनी जरा अतीच केलं हं. ती एका नाटकात आहे, त्या कंपनीलाही लिहिलं, हिला काढून टाका म्हणून."

"आणि ती काय म्हणाली?"

"काही नाही. एक शब्द नाही. गप्प बसली म्हणजे कबुलीच की."

ती का गप्प बसली हे या खोलीत एकट्या त्यालाच ठाऊक होतं. दोन आठवडे तो आपल्यावरची स्तुतिसुमनं हुंगत बसला होता आणि त्याचे दगड तिकडे त्या पोरीला बसत होते. त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, हे खरं. आज तोंड उघडलं की मॉर्व संपला. मग उरणार एक निवृत्त पोस्टमन; त्याला कोण कशाला मानाची खुर्ची देईल?

हेडनने पेन पुढे केलं. आल्विनने ते घेतलं नाही.

"मीच होतो आत," तो म्हणाला.

हेडनचं पेन तसंच पुढे राहिलं. मग हेडन हसला. "तुमचं मन मोठं आहे हो, आल्विन. पण तिला असं पाठीशी घालू नका."

"अरे बाबा, मी होतो. ती बाटली धरून उभी होती."

"चार दशकं ती चाल बघतोय आम्ही," रोवेना समजुतीच्या सुरात म्हणाली. "आम्हाला कळणार नाही का?"

आता आली का पंचाईत. माणूस खरं बोलायला बसला आणि ऐकणारेच त्याच्या बाजूने भांडायला लागले, तर त्याने करायचं काय? आल्विनने काठी खुर्चीला टेकवली. दोन्ही हात टेबलावर दाबून तो उठला आणि खिडकीपाशी गेला. उजवा खांदा खाली सोडला. मान पुढे काढली. आणि निघाला.

त्याने जीव ओतला. उगाच लंगडून दाखवणं त्याला जमलंच नसतं. त्याला चांगलंच चालायचं होतं, पूर्वीसारखं. डावा पाय थांबून टेकायला हवा होता. तो थांबला, पण टेकताना लटपटला, गालिच्याच्या कडेला अडकला आणि सगळं अंग एका बाजूला गेलं. खुर्चीची पाठ धरून तो सावरला. दारापर्यंत गेला, वळला, तसाच परत आला. पडद्यावर लॉन्ड्रीच्या दारातला मॉर्व एक पाय उचलून अजून उभाच होता. हेडनने त्याच्याकडे पाहिलं, मग आल्विनकडे पाहिलं आणि कागद हळूच उलटा करून ठेवला.

"बसा ना, आल्विन," रोवेना त्याची खुर्ची पुढे ओढत म्हणाली.

"बसतो. आधी ते लिही. आत मी होतो, आणि तिने फक्त दिलेला शब्द पाळला. तिचं पूर्ण नाव घालून लिही. त्या नाटकवाल्यांनाही कळव."

रोवेना फोनवर लिहू लागली. पुनःपुन्हा खोडत होती.

"आम्ही काय काय बोललो," हेडन पुटपुटला. "तुम्ही वाचलंत ते?"

"सगळं. 'चालता ओंडका' हे तुझंच ना?"

हेडनचे कान लालबुंद झाले.

"बरोबरच होतं रे ते," आल्विन म्हणाला.

रोवेनाने लिहिलेलं त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पाठव म्हणून मान हलवली. मग बसची वेळ झाली असं सांगून काठी घेतली. खरं तर बसला अवकाश होता, पण तिथे बसून त्यांचे चेहरे बघणं त्याच्याच्याने होईना.

त्या पबचा जिना अरुंद आहे. एका वेळी एकच माणूस उतरतो. आल्विनने कठडा धरला, दुखरा पाय खालच्या पायरीवर ठेवला, मग त्याच्याशेजारी दुसरा आणला. पुन्हा दुखरा. मागे पावलं वाजली. एरवी सभा संपली की ही मंडळी घोड्यांसारखी धडाधड बारकडे धावतात. आज हेडन त्याच्या मागे दोन पायऱ्या सोडून थांबला होता, हेडनच्या मागे रोवेना, तिच्या मागे बाकीचे सगळे. आल्विन एक पायरी उतरला की तेही एक उतरत होते. कोणी पुढे झालं नाही, आणि कोणी आधाराला हात दिला नाही, याचं आल्विनला फार बरं वाटलं.

रिकामे ग्लास न्यायला वर निघालेली बारवरची बाई अर्ध्या जिन्यात आली होती. तिने वर पाहिलं, परत खाली उतरली आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली.