अनंताची सातवी काडी

कोंडाजीने सहावी काडी वाळूतून उपसली. बूड काळं पडलं होतं, अंगठ्याने दाबताच साल सुटून आली. त्याने ती नाकाशी नेली आणि ओट्याखाली टाकली. कुंडीत आता एकच काडी उरली होती.

कामशेतजवळच्या नर्सरीत तीस वर्षं याच माणसाने हजारो काड्यांना मुळं फोडली. पानाच्या डोळ्याखाली तिरका काप, बुडाला बुरशीनाशकाची पावडर, धुतलेली जाड वाळू आणि बेताचं पाणी. शंभरातल्या पाचसुद्धा सडू द्यायचा नाही. पण या काड्या त्याच्या बायकोच्या, शकुबाईच्या, अनंताच्या झाडाच्या होत्या. लग्न होऊन ती भाजे गावात आली, तेव्हा ते झाड तिने माहेराहून आणलं होतं. फाल्गुनात शकुबाई गेली. शेजारच्या बंगल्याने भिंत वाढवली, परसात पाणी तुंबलं आणि आषाढात अनंताची मुळं कुजली. एका फांदीत तेवढा जीव होता. तिच्या सात काड्या निघाल्या.

सून चैताली त्याच नर्सरीत पिशव्या भरायची. सासऱ्यापुढे ती कधी बोलत नसे, पण त्या दिवशी तिला राहवलं नाही.

“आबा, तुमी रोज उपटून बगताय. सकाळी पानी, सांजच्याला पानी. मंग सडंल न्हाई तर काय? आमाला शिकिवताना तुमीच म्हनायचा, लावली की तिकडं फिरकायचं न्हाई.”

बोलणं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मूळ फुटलं का हे बघितल्याशिवाय त्याला घास गोड लागत नव्हता. आपल्या बघण्यानेच काड्या मरतात, हे त्याच्याएवढं कुणाला कळत होतं? पण हात ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सातवी काडी ओल्या रुमालात गुंडाळून तो नर्सरीत गेला. लोणावळ्याच्या एका बंगल्याच्या कुंपणासाठी अनंताच्या दोनशे काड्या लावायला घेतल्या होत्या. त्याने बूड ताजं कापलं, पावडर लावली आणि काडी चैतालीच्या हाती दिली.

“माजी पाठ वळली की ह्यांच्यात लाव. कुटं लावलीस ते सांगू नगं, निशानीबी ठेवू नगं. निशानी दिसली की माजा हात जानार.”

त्या दोनशे एकांतल्या अकरा काड्या सडल्या. त्या उपटून टाकायला कोंडाजीला सबंध सकाळ लागली. बाकीच्या जगल्या, पिशव्यांत गेल्या, आणि संक्रांतीच्या सुमाराला त्या न्यायला टेम्पो आला. चैतालीने मालकांना विचारून एक रोप घरासाठी बाजूला काढलं होतं.

“ठेव परत,” कोंडाजी म्हणाला. “ह्ये एक नेलं तर बाकीची तिची न्हाईत असं मी ठरिवल्यासारकं व्हतंय.”

एरवी गडी चार-चार पिशव्या धरून वर टाकायचे. त्या दिवशी त्याने कुणाला हात लावू दिला नाही. एकशे नव्वद रोपं त्याने एकेक करून, बुडाला तळहात देऊन, वर चढवली. ऊन तापलं, टेम्पोवाल्याने दोनदा घड्याळ पाहिलं, तरी एकही रोप त्याने घाईने दिलं नाही.