चिमाजी मास्तरांचं रिकामं सॉफ्टवेअर

चिमाजी मास्तरांना कॉम्प्युटरचा राग यायचा, आणि का येऊ नये? पंचवटीतल्या त्यांच्या बँडपार्टीला एकेकाळी लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसायची. मग डीजेच्या गाड्या आल्या आणि मास्तरांच्या क्लॅरिनेटला कुत्रं विचारेना. माणसं गळाली. कुणी सातपूरला कंपनीत चिकटलं, कुणी भाजीची गाडी लावली. उरली चारपाच टाळकी, आणि त्यांत मोठा ढोल वाजवणारा बहिरू. त्याला ढोल सोडून जगात दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं.

अशात एका नवरदेवाचे मामा दारात आले. म्हणाले, "मास्तर, तुमचा बँड जरा नव्या पद्धतीनं रेकॉर्ड करून ऐकवा. आवडला तर वरात तुमची. नाहीतर आम्ही डीजे सांगतो."

मामा गेले तसा बहिरू पुढे सरकला. "मास्तर, माझा ढोल राहीन ना त्यात?"

"येडा का खुळा? ढोलाशिवाय बँड असतो का? तू असशील, शब्द देतो," मास्तर म्हणाले. शब्द देऊन बसले बिचारे!

मास्तरांची मुलगी पूजा कॉलेज रोडला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. तिनं कुठून तरी दोन सॉफ्टवेअरच्या सीड्या मिळवल्या आणि वडिलांना पडद्यासमोर बसवलं.

"अप्पा, नव्या माणसानं निवडायचं कसं, ते सांगते. हे पहिलं रिकामं आहे. तुम्ही वाजवाल तेवढंच यात येणार. हे दुसरं भरलेलं. ढोल, ताशा, सनई, सगळं आत आहे. नुसती बटणं दाबायची. शिकाऊ माणसाला हेच सोपं."

"सोपं गेलं खड्ड्यात! माझ्याकडे माणसं आहेत. रिकामं दे," मास्तर म्हणाले. किती ऐटीत म्हणाले म्हणता!

रविवारी क्लासला सुट्टी. मागच्या खोलीत बहिरूला खुर्चीवर बसवलं, समोर माइक, कानाला हेडफोन. आतून घड्याळासारखी टिकटिक येणार आणि तिच्यावर त्यानं एकट्यानं वाजवायचं. बाकीचे नंतर. बहिरूनं टिपरू उचललं आणि तसंच धरून राहिला.

"काय झालं रे?"

"मास्तर, चालायचं नाय का?"

आता बोला! जन्मभर हा माणूस वरातीपुढे चालत वाजवत आलेला. उजवं पाऊल पडलं की ढोलावर टोला, नजर मास्तरांच्या खांद्यावर. बसून, एकट्यानं, भिंतीकडे बघत वाजवायचं कसं, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मास्तर पुढे, बहिरू मागे, असे दोघं त्या खोलीत गोल गोल चालले. वायर पायात गुंतली, खुर्ची आडवी झाली, माइकमध्ये चपलांचा आवाज आला तो वेगळाच. चपला काढून पुन्हा चालले. शेवटी कसंबसं काहीतरी हाती लागलं.

पूजानं पडद्यावर दाखवलं. "अप्पा, टिकटिकीच्या या उभ्या रेघा. काकांचा एकही टोला रेघेवर नाही. सगळे मागे पडतात. बाकीची वाद्यं यावर बसायची नाहीत."

मास्तरांना हे ठाऊक होतं. बहिरू नेहमीच किंचित थांबून मारायचा. नाचणारा पाय उचलायचा, तो खाली यायला आणि टोला पडायला एकच गाठ. त्यावर म्हातारीकोतारीसुद्धा नाचली होती. पूजानं ते टोले ओढून रेघेवर बसवले आणि ऐकवले. अगदी बिनचूक, आणि त्यात जीव म्हणून नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मामांना ऐकवायचा दिवस उजाडला तेव्हा मास्तरांनी डोक्याला हात लावला. पोरीकडे न बघता म्हणाले, "ते दुसरं टाक."

भरलेल्या सॉफ्टवेअरमधून दुपारपर्यंत अख्खी वरात तयार झाली. मामा तर खूष. "वा मास्तर, काय ढोल आहे! एक करा, माणसंही आणा. लाल कोट, फेटे, वाद्यं गळ्यात. शोभा येते. फक्त वाजवू नका हं, सीडीत घोळ होईल."

मास्तरांनी मान हलवली. माणसांना काम तर मिळत होतं. बहिरूनं विचारलं, "माझा ढोल हाय ना त्यात?" तेव्हा ते "हाय" म्हणाले आणि पाणी प्यायला आत निघून गेले.

वरात निघाली. पुढे स्पीकरची गाडी, मागे लाल कोटातली माणसं. टिपरू ढोलापर्यंत न्यायचं आणि लागू द्यायचं नाही, एवढंच काम. बहिरूचं पाऊल सारखं चुकत होतं. पाय टेकायच्या आत गाडीतला टोला पडून गेलेला असायचा. तो थांबायचा, पाऊल बदलायचा, पुन्हा चुकायचा. बघ्यांतली पोरं हसायला लागली.

चौकात बहिरू चालत चालत त्यांच्या जवळ आला.

"मास्तर," तो कानाशी म्हणाला, "हा मी नाय."

मास्तरांच्या तोंडात क्लॅरिनेट होतं. मामा समोरून व्हिडिओवाल्याला घेऊन येत होते. मास्तरांनी गाल फुगवले, बोटं भराभर फिरवली आणि फुंकर न मारता ते पुढे चालत राहिले.