ताटातली टिचकी

अगं, तू आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटतो.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते ना, जिला सगळे ‘भिंग’ म्हणतात, तिच्या घरची गोष्ट. बाहेरची खोली माणसांनी गच्च. दारात चपलांचा ढीग, खिडकीत डोकीच डोकी, पलंगावर शेजारच्या काकू मांडी ठोकून. आणि मधल्या खुर्चीत फुलबुवा! पांढरीशुभ्र इस्त्री, बोटाबोटात अंगठ्या, आणि ‘मला काही नको हो’ म्हणत खिशाचं तोंड उघडं ठेवून बसलेले.

समोर स्टीलचं ताट. ताटात शेंगदाण्याएवढी चार सुकी बोंडं.

‘हे आईचं, हे मुलाचं, हे मुलीचं, हे सुनेचं,’ बुवा डोळे मिटून म्हणाले. ‘माळावरचं हे निळं फूल साधंसुधं नाही. ब्रह्मांडातल्या लहरी पकडतं! ज्याच्या अंगात बाधा, त्याचंच बोंड पाणी पडलं की किंचाळणार.’

पाणी शिंपडलं. आईचं गप्प. दादाचं गप्प. भिंगचं गप्प. जरा वेळ गेला, आणि वहिनीचं... फट्ट! बी उडालं ते थेट काकूंच्या मांडीवर. काकू अशा उडाल्या की पलंगाची फळीच बोलली.

‘बघितलंत? सापडली!’ बुवा गरजले.

झालं होतं काय, वहिनीला फिट्स यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून एकही नाही. पण बुवा म्हणाले, ‘गोळीने बाधा दबते, निघत नाही. गोळ्या आजपासून बंद! उद्या संध्याकाळी बसू आणि मुळापासून उपटू.’ आईने तिथल्या तिथे गोळ्या कपाटात टाकल्या आणि किल्ली मुठीत आवळली.

आणि मजा बघ, घरात कुणाला काय होतं हे बुवांनी आधी चहा पिता पिता आईकडूनच काढून घेतलं होतं. मग ताट मांडून दिव्यदृष्टीने ओळखलं!

‘आई, तो मेंदूचा आजार आहे,’ भिंग म्हणाली. ‘अशा गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल.’

‘तू गप्प. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी.’

‘दादा, तू तरी बोल ना!’

‘एका दिवसाचा तर प्रश्न आहे,’ दादा फोनमधून मान वर न काढता म्हणाला. घ्या! फिट कुणाला येणार, निवांत कोण!

भिंग आत गेली. वहिनी कपबशा विसळत होती. ‘वहिनी, चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जाऊ.’

वहिनीने मान हलवली. अगदी हळू म्हणाली, ‘मग माझंच बोंड का गं फुटलं?’

भिंगला ते बोंड पक्कं माहीत होतं. लहानपणी शाळेतून येताना सगळी पोरं ते ओठांत धरायची. थुंकी लागली की जरा वेळाने फट्ट, आणि बी पुढच्याच्या मानेवर! त्याला म्हणायचेच ‘टिचकी’. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांनी टिचक्या उडवल्या असतील. पण रस्त्यावर जी गंमत, ती स्टीलच्या ताटात आली की चमत्कार! आणि टिचकी भिजली की उडते, म्हणजे उडतेच. मग बाकीची तीन गप्प का? तिने गप्प बसलेलं एक बोंड गुपचूप रुमालात बांधलं.

सकाळी दुकानात जाताना ती मुद्दाम माळावरून गेली. अगं, पावसाचा पत्ता नाही, जमीन भाजलेल्या विटेसारखी, आणि गुरंही तोंड लावणार नाहीत अशी काटेरी कणसं. त्या काट्यांतून एकेकच पाकळी बाहेर आलेली. पण निळी म्हणजे कसली निळी! देठाशी दुधासारखी, कडेला शाईसारखी, मधून बारीक जांभळ्या शिरा. उन्हाला जीभ काढून वेडावतेय असंच वाटावं. भिंग उकिडवी बसून बघतच राहिली. म्हणाली, ‘तू एवढी देखणी, आणि तुला त्या बुवाची चाकरी!’ मग खालची सुकी बोंडं वेचून तिने डबीत भरली.

दुकानात तिने काच तपासायच्या भिंगाखाली दोन बोंडं शेजारी ठेवली. माळावरचं खरखरीत, मळकं. बुवांचं कसं तुकतुकीत! नखाने खरवडलं तर पांढरी साल निघाली. मेण!

‘या टिचकीला कुणी रेनकोट घातला गं?’ मालक डोकावून म्हणाले.

तिने मेण काढून बोंड वाटीतल्या पाण्यात टाकलं. दोघं बघत बसले. फट्ट! बी मालकांच्या चहात.

संध्याकाळी ती घरी पोचली तर दारातच दादा फुटलेल्या कपाचे तुकडे वेचत होता. वहिनीच्या हाताला झटका आला होता. आणि आत बुवा खुशीत. ‘बघा, बाधा हलायला लागली!’

भिंगच्या डोक्यात तिडीक गेली, पण आवाज साखरेचा. ‘बुवा, आज तुमचंही एक बोंड ठेवा ना.’

‘ठेवतो की. सिद्ध माणसाचं फुटत नसतं.’ बुवांनी पिशवीत हात घातला.

‘त्यातलं नको. मी माळावरची आणलीत.’

‘त्यांच्यावर मंत्र नाही, बाळ.’

‘लहरी फूल पकडतं ना? की पिशवी पकडते?’

खिडकीतून कुणीतरी खुसकन हसलं. भिंगने भराभरा मांडली. ‘हे आईचं, हे दादाचं, हे माझं, हे काकूंचं, हे बुवांचं. आणि हे आमच्या मिक्सरचं. आई, पाणी तूच शिंपड.’

पाणी पडलं. बोंडं गप्प. बुवांच्या ओठांवर हसू फुटणार, एवढ्यात... फट्ट! फट् फट् फट्ट! आईचं गेलं, दादाचं गेलं, बुवांचं तर त्यांच्याच कपाळावर.

‘अगंबाई, मिक्सरलापण बाधा?’ काकू किंचाळल्या.

‘घरच बाधित आहे!’ बुवा ओरडले.

‘मग आता हे खरवड,’ म्हणत भिंगने बुवांच्या पिशवीतलं एक तुकतुकीत बोंड काढून आईच्या हातात दिलं. आईने नख लावलं. मेणाची साल निघाली. ताटात टाकलं, तेही फुटलं. आईने बुवांकडे असं बघितलं ना, विचारू नकोस! बुवा उठलेच. पण चपलांच्या ढिगात दिव्यदृष्टी काही चालेना, शेवटी अनवाणीच पळाले.

‘ऐका,’ भिंग म्हणाली. ‘बोंडाची साल सुकून ताणलेली असते. भिजली की ताण सुटतो आणि बी उडतं. एरवी ते बंदच राहतं, कारण कोरड्यात पडलं तर बी वाया जाणार. पाऊस येईपर्यंत झाडाने आईसारखी लेकरं कुशीत धरलेली असतात, एवढंच! ज्याला शांत ठेवायचं त्याला मेण, जिला बळी द्यायचं तिला बिनमेणाचं. डोळ्यांनी बघितलं म्हणता ना? मग नखाने खरवडूनही बघा. आणि आजाराचं डॉक्टरांना विचारा, ताटाला नको.’

मग वहिनीने सासूसमोर हात पुढे केला.

‘आई, किल्ली.’

आईने दिली नाही. स्वतः उठली, कपाट उघडलं, गोळी आणि पेला वहिनीच्या हातात दिला आणि दादाला म्हणाली, ‘फोन ठेव आणि हिला आधी डॉक्टरांकडे ने.’

काकू अजून मांडी झटकत होत्या. ‘बुवा खोटा असेल बाई, पण फूल तर खरं ना?’

‘तेच तर सांगतेय, काकू! फूलच खरं आहे,’ भिंग म्हणाली.

संपलं वाटलं ना तुला? कुठलं! काल कळलं, बुवांनी पलीकडच्या गल्लीत ताट मांडलंय. नव्या चपला, जुनी पिशवी. तिथल्या सुनेच्या दम्याच्या पंपाला कुलूप लागलंय म्हणे. आई भिंगला म्हणाली, ‘आपलं घर सुटलं ना, आता लोकांच्या उचापती कशाला?’ भिंग डबी खिशात टाकून सायकल काढत होती.

खरं सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?