तीन ठिपक्यांचा ड्रम

पुढचा ब्रेक धरत नव्हता आणि त्यावरून आमच्या घरात दोन तट पडले होते. एका बाजूला माझा मुलगा, दुसऱ्या बाजूला त्याची लेक. मी मधल्या खुर्चीवर मटार सोलत होते.

मोटरसायकल यांची, म्हणजे माझ्या मिस्त्री नवऱ्याची. हे गेले तेव्हापासून अठरा वर्षं ती गॅरेजच्या मागच्या भिंतीला गोणपाटाखाली उभी होती. नातीने दीड वर्षात ती नटन्‌नट सुटी करून पुन्हा जोडली. इंजिन दुसऱ्या किकला बोलायला लागलं. अडलं ते पुढच्या चाकापाशी. नवे ब्रेक शू आणले, केबल नवी घातली, तरी लीव्हर आपला सरळ मुठीला जाऊन टेकायचा.

"चाकातला ड्रम झिजून संपलाय त्याचा," मुलगा म्हणाला. "नव्या गाडीचा डिस्क ब्रेक घाल, नाहीतर जुन्या गाड्या जमवणाऱ्या त्या संग्रहवाल्याला देऊन टाकू. काचेच्या दालनात ठेवेल तो. तिथे ब्रेक लागतच नाही."

"डिस्क घातला तर ती आजोबांची गाडी राहील का, बाबा?"

"आणि नाही घातला तर तू राहशील का?"

मुलगा माझा कडक आहे, पण खोटा नाही. शेवटी त्यानेच तोड काढली. रविवारी आमच्या गल्लीच्या उतारावर, पायथ्याशी खडूची रेघ मारायची. फक्त पुढच्या ब्रेकवर गाडी रेघेच्या आत थांबली, तीही तीनदा, तर गाडी घरात. नाही थांबली तर संग्रहवाल्याला फोन.

तो गेल्यावर नात माझ्या पायाशी येऊन बसली. हात कोपरापर्यंत काळे.

"आजी, काहीतरी चुकतंय गं माझं. माप बघून आणलेत शू."

"माप कशाचं बघितलंस?"

"पुस्तकातलं."

"पुस्तक गाडीचं आहे, या ड्रमचं नाही. चाकाच्या मधल्या हबवर, स्पोकांच्या मुळाशी ठिपके असतील. मोज बरं."

ती टॉर्च घेऊन गेली. तिकडूनच ओरडली, "तीन आहेत! मला वाटलं कुठेतरी आपटलाय. मी ते घासून सपाट करणार होते!"

"हात लावू नकोस त्यांना!" मी इथूनच ओरडले. ड्रम लेथवर चढवून आतून तासला, की हे हबवर हातोडी-पंचाने एक ठिपका मारायचे. वहीत लिहिलेलं हरवतं, लोखंडावरचं राहतं, असं म्हणायचे. तीन ठिपके म्हणजे ड्रम तीनदा तासलेला. आतून तेवढा मोठा झालेला. त्यात पुस्तकातल्या मापाचे शू घातले, तर त्यांची पाठ फक्त मधोमध टेकणार. शूच्या पाठीवरची घासपट्टी, म्हणजे लायनर, जाड हवा त्याला.

"हे सगळं आजोबांनी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? लायनर मीच मारायचे."

तिला तरी कसं ठाऊक असणार? गॅरेजच्या मागच्या खोलीत, पोरं शाळेत गेल्यावर मी बसायचे. जुना लायनर तोडायचा, नवा मापाने कापायचा, तांब्याचे रिवेट ठोकायचे. बावीस वर्षं. गिऱ्हाईकं म्हणायची, मिस्त्रींच्या हातचा ब्रेक म्हणजे काय सांगावं! हे मिशीत हसायचे. एकदा मी रागावले तर म्हणाले, "अगं, बाईने मारलेला लायनर आहे असं कळलं, तर उतारावर पाय घासत जातील सगळे." मी हसले खरी, पण दोन दिवस धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आधी लेथवाल्या टर्नरकडे गेलो. त्याने ड्रम मोजून भिंत अजून पुरेशी जाड असल्याचं सांगितलं. मग सुट्या भागांच्या दुकानात. तिथला मालक इतका बारीक आणि वर डोकं एवढं मोठं, की सगळे त्याला बोल्ट म्हणतात, आणि तोही ओ देतो.

बोल्टने काउंटरवर ब्रेक शूचे दोन डबे ठेवले. एक नवा चकचकीत. दुसरा जुना, कागदी, न फोडलेला. तो त्याने देव्हाऱ्यातून काढावा तसा काढला.

"कंपनीचा जुना माल, ताई. चाळीस वर्षं हात लागला नाही याला," तो नातीला म्हणाला.

नातीचे डोळे चमकले. मी शू हातात घेतला आणि लायनरच्या कडेला नख लावलं. कड उचलली गेली.

"चाळीस वर्षांत गोंद मेलाय, बोल्ट. हा उतारावर सुटला तर चाक जागच्या जागी अडकेल."

"मावशी, तुम्ही दुकान बंद कराल माझं!"

"मग उघडंच ठेव आणि रिवेटचा जाड लायनर काढ. शू आम्ही आमचेच वापरू, मूळचे."

तो पुटपुटत माळ्यावर चढला, पण आणलं बरोबर तेच.

माझे हात आता थरथरतात. हातोडी मी धरली नाही. नातीने जुने शू ओल्या फडक्याने पुसले, तोंडाला मास्क लावून. आम्ही लायनरची ती विषारी धूळ फुंकरीने उडवायचो. वेडेच होतो. पहिला रिवेट तिने वाकडा ठोकला, काढला, पुन्हा ठोकला. मग मी तिला खडू दिला. लायनरला खडू फासायचा, चाक बसवून फिरवायचं, हलका ब्रेक दाबायचा, पुन्हा उघडायचं. जिथला खडू गेला तिथेच कानस मारायची. सात वेळा उघडलं तिने. सहाव्या वेळी मी म्हटलं, "झालं, चालेल." ती म्हणाली, "या कडेला अजून खडू आहे, आजी." आणि खरंच होता. माझ्या नजरेतून सुटलेला.

रविवारी मुलगा रेघेमागे हाताची घडी घालून उभा राहिला. पहिल्यांदा गाडी रेघेच्या हातभर आधी थांबली. दुसऱ्यांदा त्याहून अलीकडे. तिसऱ्यांदा त्याने तिला आणखी वरून यायला लावलं. ती आली, लीव्हर दाबला, पुढचा फोर्क नमस्कार केल्यासारखा खाली बसला, आणि चाक शांतपणे उभं राहिलं. किंचाळणं नाही, थरथर नाही.

मुलाने वाकून लीव्हर दोनदा दाबून पाहिला. "बाबांच्या हातचा वाटतोय," तो हळूच म्हणाला.

"आजोबांच्या नाही. आजीच्या हातचा," नात म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "तेव्हाही तिचाच होता."

मुलगा माझ्याकडे वळला. "आई?"

"माझ्या काय! ठोकलाय तिने. माझं चुकलेलंही तिने काढलं."

त्याने चपलेने रेघ पुसली आणि विचारलं, "संग्रहवाल्याला काय कळवू?"

"कळव, गाडी बाहेर गेलीये," नात म्हणाली आणि मागची सीट थोपटली. "आजी, बस."

मी पदर खोचला आणि बसले. उतारावर मी यांच्या मागे बसायचे तेव्हा कान सतत पुढच्या चाकाकडे असायचा. आपण मारलेला लायनर, कुठे ओरडतोय का? त्या दिवशी मात्र मी घरं बघत गेले.