नटावरचा गूळ

यज्ञेश्वर वकील कुणाला नाही म्हणत नाहीत, अशी त्यांची आमच्या पेठेत ख्याती आहे. ही ख्याती पसरवणाऱ्यांनी एकदा त्यांच्याशी संसार करून बघावा. मी चौदा वर्षं केला. बी.ए.ला बसू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, अवश्य. मग फॉर्मची मुदत संपल्यावर तो फॉर्म ह्यांच्याच कोटाच्या खिशात सापडला. पुढच्या वर्षी मी स्वतः जाऊन भरला आणि पास झाले, तेव्हा पेढे मात्र ह्यांनी वाटले. माणूस तोंडावर नाही म्हणाला तर भांडता तरी येतं. अवश्य म्हणणाऱ्याशी काय भांडणार?

चोपन्न सालच्या जानेवारीत जयसिंगपूरच्या मुलींच्या शाळेतून मला शिक्षिका म्हणून बोलावणं आलं. सोमवारी अकराच्या आत हजर व्हावं, न आल्यास यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावण्यात येईल, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मी सकाळच्या आगगाडीनं निघणार होते. हे म्हणाले, दारात मोटार असताना तू आगगाडीत कशाला बसतेस, मी सोडतो. मला बरं वाटलं. तिथंच माझं चुकलं.

आगगाडी निघून गेली आणि मग आमची मोटार अंगणातच दोन आचके देऊन बंद पडली. फिल्टर तुंबलंय, असं ह्यांनी जाहीर केलं. पेट्रोलमधला गाळ अडवणारी ती काचेची वाटी मलाही माहीत होती. नवं फिल्टर शनिवारीच आणून ठेवलेलं होतं. मग काल अख्खा रविवार काय केलंत, असं विचारलं तर म्हणाले, झोप लागली.

जुनं फिल्टर निघता निघेना. त्याच्या नळीचा नट जागचा हलत नव्हता. ह्यांनी पाना लावला, पकड लावली, रॉकेल ओतलं, पुन्हा पाना लावला. नटाचे कोपरे झिजून गोल व्हायला आले. मी नवं लुगडं नेसून पायरीवर बसले होते आणि घड्याळात साडेआठ झाले होते. जवळ जाऊन पाहिलं तर नटाभोवती तपकिरी, दगडासारखं काहीतरी बसलेलं. स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या बाईला ते ओळखायला कितीसा वेळ लागणार? हा गूळ आहे का, असं मी विचारलं. कारखान्यातून लावून आलेला डिंक असतो तो, म्हणाले. आणि पुन्हा पकडीला लटकले.

तेवढ्यात आकाराम दूध घेऊन आला. बावड्याचा हा माणूस रोज सायकलवरून आमच्याकडे दुधाचा रतीब घालतो आणि थंडीत घरचं गुऱ्हाळही चालवतो. त्यानं मोटारीत डोकावून पाहिलं आणि तो हसायलाच लागला.

"वैनी, त्यो आमच्या गुऱ्हाळाचा गूळ हाय की," तो म्हणाला. "बुधवारी सायब आलतं, तवा पेट्रोल गळाय लागलं. मीच थापला गरम गरम. पेट्रोलला विरघळत न्हाय त्यो, रॉकेललाबी न्हाय. काढताना कडत पाणी सोडा म्हणून सांगिटलंय की सायबास्नी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पान्याकडे पाहत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड तास हा माणूस माझ्यासमोर घाम गाळून नाटक करत होता.

न्हाणीघरातल्या बंबातून मी बादलीभर कढत पाणी काढलं, लुगड्याचा ओचा वर खोवला आणि तांब्यानं नटावर पाणी सोडत राहिले. चौथ्या तांब्याला गूळ पाघळला. पाना घेऊन नट मीच फिरवला. तो निमूट फिरला.

"आता नवं बसवा," मी म्हटलं. "मला गुळाचा गणपती समजू नका."

ह्यांनी दहा मिनिटांत नवं बसवलं. मी ह्यांच्या शेजारी बसले नाही, मागच्या सीटवर बसले. पेठेतल्या लोकांनी वकिलांना ड्रायव्हरसारखं गाडी नेताना पाहिलं असेल तर बरंच झालं.

शाळेत पोचलो तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. मुख्याध्यापिका बाळाबाईंनी सर्टिफिकेटं पाहिली आणि एक कागद पुढे सरकवला. लग्न झालेल्या शिक्षिकेला नोकरीसाठी नवऱ्याची लेखी संमती लागते, म्हणाल्या. सही आजच हवी, आणि ती अकराच्या आत. मला हसू आलं आणि रडूही. एवढं करून शेवटी किल्ली पुन्हा ह्यांच्याच हातात.

हे बाहेर लिंबाखाली मोटारीला टेकून उभे होते. कागद आणि टाक मी त्यांच्यापुढे धरला. ह्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, आज नको, घरी नीट विचार करू, उद्या टपालानं पाठवू.

"उद्या नाही," मी म्हटलं. "तुम्हाला मी इथं शिकवायला नको असेन, तर मला आत्ता नाही म्हणा. बाळाबाई खिडकीत आहेत, शिपाई आहे, पोरी आहेत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. मी मुकाट्यानं परत येते."

ह्यांचे ओठ हलले. पोरी टकामका बघत होत्या. वकिलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो दोन अक्षरी शब्द काही बाहेर येईना. जो माझ्यापुढे उच्चारायचं धाडस चौदा वर्षांत एकदाही झालं नाही, तो शब्द चार लोकांत कुठून येणार?

मग ह्यांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली. अकराच्या ठोक्याआधी मी तो बाळाबाईंच्या हातात दिला. त्यांची मला कीव आली नाही आणि आनंदही झाला नाही. राग होता तेवढाच होता, आणि तो तसाच घेऊन मी सातवीच्या वर्गात शिरले.